न सोडलेल्या नोकरीचा निरोप

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपले संचालकसाहेब, व्यासपीठावरील पाहुणे, जिच्यासाठी आपण जमलो ती आमची ताई, तिच्या शेजारी बसलेले तिचे वडील आणि माझ्या सहकाऱ्यांनो,

चार शब्द गोडच बोलायचे, असं मला बजावलंय. प्रयत्न करतो. हार सुंदर आहे. खुर्च्यांनाही नवी कव्हरं घातलीत. पण मला किळस आलीय, तिचं काय करू?

कोण नोकरी सोडणार हे आधीच ओळखणारी प्रणाली आपण बनवली. बनवणाऱ्यांची प्रमुख ताईच. पहिल्याच बैठकीत तिने सांगितलं होतं की, माणूस काय करतो एवढ्यावरून तो पुढे काय करेल हे कळत नाही. त्याला काय हवंय, कशाची भीती वाटतेय, तो काय धरून चाललाय, हे यंत्राला उमगायला हवं. नाही उमगलं, तर तसं कबूल करता यायला हवं. साहेब म्हणाले, कारणं नकोत, नावं द्या.

मग ताईच्या वडिलांना पक्षाघात झाला, वाचा गेली. ताई रोज लवकर निघून त्यांना वाचा-उपचारांना नेऊ लागली. इथल्या टेबलावरचा कप, घंटी, फोटो तिने घरी नेले. एकेक वस्तू दाखवून त्यांच्याकडून शब्द वदवून घ्यायला. ऑफिसातल्या कॅमेऱ्यांतून आमच्यावर नजर ठेवणाऱ्या त्या यंत्राला काय दिसलं? बाई लवकर जातात, टेबल रिकामं होतंय. त्याने पहिलं नाव दिलं ते ताईचंच.

साहेबांनी तिला बोलावलं तेव्हा मी तिथेच होतो. तिने सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "मला जायचं नाहीये. विचारलं असतं तर एका वाक्यात कळलं असतं."

"तुमच्या जागी माणूस नेमून झालाय," साहेब म्हणाले.

त्यांनी पुढे केलेल्या राजीनाम्यावर तिने सही केली. दुसऱ्याच दिवशी भिंतीवर फलक लागला, 'पहिलाच अंदाज अचूक'. वर केकही कापला!

अहो, माणसाला आपणच दाराबाहेर ढकलायचं आणि तो जाणार हे ओळखलं म्हणून मिरवायचं? शी!

असो. ताईचे बाबा आता तिला हाक मारतात. मघाशी जिन्यात मी ऐकली.

संयोजकांचे आणि माईक लावणाऱ्यांचे मनापासून आभार. बोलण्यात काही उणंदुणं निघालं असेल तर पोटात घाला. ताईची माफी मात्र मी मागून भागणार नाही. ती ज्यांनी मागायची, ते मधल्या खुर्चीत बसलेत.

साहेब, या. माईक चालू आहे.