न्यूट्रॉनवाल्याचा फोटो

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर दोघी जावा बसल्या होत्या. धाकटीच्या मांडीवर वर्तमानपत्र होतं.

"ताई, बघा ना, आमच्या ह्यांचा फोटो! न्यूट्रॉनचं यंत्र हातात धरून."

"पाहिला. सकाळपासून चौथ्यांदा."

"जुनं यंत्र नुसतं लोखंडाला कोकलायचं, खिळा असो की पुरलेला सुरुंग. हे आतलं स्फोटकच ओळखतं."

"ओळखू दे. खणायला गुडघ्यांवर आमचेच हे बसतात. त्यांचा कुठे आलाय फोटो?"

"तुम्ही जळताय, ताई."

"जळते! बारा वर्षं हे माती उकरतायत, आणि कौतुक कुणाचं? यंत्र धरून हसणाऱ्याचं."

"फोटोवालाच म्हणाला, यंत्र उचला आणि इकडे बघून हसा."

"उचललं ना? एका जागी पाच मिनिटं ठेवायचं असतं ते. भाऊजींनी दोन मिनिटांत उचललं आणि वर ह्यांना सांगितलं, खिळा आहे, खुशाल फावडं मारा."

"मग खिळाच असेल."

"ह्यांनी फावडं नाही मारलं. तासभर ब्रशने माती झाडत बसले."

"एका खिळ्यासाठी?"

"खिळ्याला कुणी तासभर ब्रश मारतं?"

"ताई, काय निघालं?"

"कुणाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातलीय मला. म्हणाले, धाकट्याची नोकरी जाईल."

"ताई..."

"तुझा नंबर पुकारला, जा. आणि तो पेपर दे इकडे. चुरगाळतेयस फोटो."