शिशाची मोहोर

विणकर संघाचे अध्यक्ष माननीय गिल्बर्ट हुकवे साहेब, आपल्या चर्चचे आदरणीय धर्मगुरू, उत्तरेच्या बर्फातून जिवंत परतलेले कप्तान डिगरी ब्लाइट, आजचे सत्कारमूर्ती अँब्रोस टकेट, आणि सँडकोम्बच्या माझ्या विणकर बंधू-भगिनींनो,

नवऱ्यामागे मी माग चालवते, म्हणून या सभागृहात मला बसायला जागा मिळते. बोलायची पाळी मात्र आज पहिल्यांदाच आली. अध्यक्षसाहेब मघाशी कानात म्हणाले, "थॉमझिनबाई, दोनच शब्द हं. मटण गार होतंय." साहेब, मटण पुन्हा तापवता येईल.

अँब्रोसदादा आपले मोहोरदार. गावातल्या कापडाचं प्रत्येक ठाण त्यांच्या हाताखालून गेलं. लांबी-रुंदी तपासायची, गाठोडं बांधायचं, दोरीच्या गाठीवर शिशाची मोहोर दाबायची. माणूस कडक किती? आमच्या लग्नाच्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्या नवऱ्याचं ठाण परत पाठवलं. पन्हा बोटभर कमी! नवरदेव रडकुंडीला आला. दादा म्हणाले, "लग्न लाव, जेव, आणि उद्या पुन्हा विणायला बस." आणि स्वतः जेवायला सगळ्यांच्या आधी हजर! हसताय काय दादा, खोटं आहे का?

त्या मोहोरेमुळेच आपलं कापड समुद्रापलीकडे अँटवर्पच्या बाजारात न उलगडता विकलं जायचं. म्हणून नियम असा, की मोहोर तुटेल ती गिऱ्हाइकासमोरच. वाटेत तुटली, तर ते ठाण विणणाऱ्याचा माग बंद. हे इथल्या लेकरांना पाळण्यातच ठाऊक होतं.

मग अँटवर्पचा बाजार बसला. आपल्या माड्यांवर ठाणांचे ढीग लागले, उंदरांची चैन झाली. लंडनचे पाहुणे येतात आणि म्हणतात, इंग्रज माणूस दूरच्या समुद्रावर निघाला तो राणीच्या कीर्तीसाठी, धर्मासाठी, स्पेनचं नाक कापण्यासाठी. असेलही. मोठ्यांच्या गोष्टी मोठ्यांना ठाऊक. पण सँडकोम्बचं जहाज कशासाठी निघालं, हे मला कुणी सांगू नये. ते न विकलेल्या लोकरीसाठी निघालं. दक्षिणेची वाट पोर्तुगीजांनी धरलेली, पश्चिमेची स्पेनने. आपल्या वाट्याला उरली उत्तर. आणि याच सभागृहात सगळ्यांनी माना डोलावल्या, की उत्तरच बरी! उन्हाच्या देशात लोकर कोण घेणार? जिथे थंडी, तिथे गिऱ्हाईक.

संघाच्या मालाचा राखणदार म्हणून माझा थोरला, बार्नबी, त्या जहाजावर गेला. धक्क्यावर मला म्हणाला, "आई, तुझी सगळी ठाणं घेऊन चाललोय. तिकडचे लोक रांगा लावतील बघ."

मी म्हटलं, "लोक असले तर!"

"नसले तर अस्वलांना विकीन. अस्वलं घासाघीस करत नाहीत म्हणे."

असा होता तो. वात्रट.

पुढचं कप्तान ब्लाइटांनी मला सांगितलं. दुसऱ्या उन्हाळ्यात शोधायला गेलेल्या जहाजाचे कप्तान तेच होते. बर्फात अडकलेलं आपलं जहाज त्यांना सापडलं. एकच खलाशी धुगधुगी धरून होता, तोही वाटेत गेला. जाण्याआधी तो बोलला. जळण संपलं, तेव्हा कुणीतरी म्हणालं, "बार्नबी, एक गाठोडं फोड रे. अंगावर घेऊ." माझा मुलगा म्हणाला, "गिऱ्हाईक भेटल्याशिवाय नाही. आईचा माग बंद पडेल." सगळे इथलेच, विणकरांचीच पोरं. पुन्हा कुणी विषय काढला नाही. जहाजाचा तळ उबदार लोकरीने शिगोशीग भरलेला, आणि वर ती पोरं थंडीने मेली.

कप्तान, तुम्ही मान खाली घालू नका. तुम्ही त्यांना माती दिलीत, तुमचे उपकार आहेत.

गाठोडी परत आली, तेव्हा इथेच सभा भरली. एकही मोहोर तुटली नाही म्हणून टाळ्या वाजल्या. मी त्या कोपऱ्यात बसले होते. तुम्हा सगळ्यांच्या टाळ्या मी ऐकल्या. तुमच्यातही ज्यांची पोरं गेली होती, त्यांनीसुद्धा वाजवल्या. दुसरं काय करणार होतात? टाळ्या वाजवल्या नसत्या, तर पोरं कशासाठी गेली हे कुणाला सांगता आलं असतं?

एक माणूस टाळ्या न वाजवता उठून गेला. मी घरी पोचले तर दारात अँब्रोसदादा. म्हणाले, "थॉमझिन, ती मोहोर मी दाबली होती." एवढंच बोलले आणि माझ्या चुलीपाशी बसून लहान मुलासारखे रडले. मी त्यांना दोष दिला नाही. आजही देत नाही. दादांनी नियम केला नव्हता, तो आपल्या सगळ्यांचा होता. तेव्हापासून प्रत्येक सभेत ते एकच मागणी करतात, जिवावर बेतलं तर मोहोर तोडायची मुभा द्या. आणि प्रत्येक सभेत तुम्ही म्हणता, "पुढच्या वेळी बघू." आता दादा थकलेत, आजपासून काम सोडताहेत. त्यांना पुढची वेळ नाही.

परवा नवं जहाज सुटतंय. राखणदार म्हणून निवडलाय माझा धाकटा, वॉल्टर. तो बघा, खांबाआड उभा आहे. निरोप घेणाऱ्या मोहोरदाराने शेवटची मोहोर सभेसमोर दाबायची, ही आपली रीत. त्यासाठी हे गाठोडं व्यासपीठावर आणून ठेवलंय. कापड माझंच आहे.

दादा, तो मोहोर दाबायचा चिमटा खाली ठेवा. हे गाठोडं असंच जाईल, उघडं.

बसा, अध्यक्षसाहेब. माग बंद करायचा तर करा. मी उद्यापासून दुसऱ्यांची लोकर पिंजीन, पोट कुठेही भरतं. बार्नबीला हे सांगायचं मला सुचलंच नाही, कारण तो असं काही करील हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. या धाकट्याला मात्र मी सर्वांदेखत सांगणार आहे.

दादांना उरलेलं आयुष्य सुखाचं जावो. तुम्ही मला बोलू दिलंत, मटण थांबवलंत, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. मानापमानात काही उणं-अधिक झालं असेल, आवाज चढला असेल, तर अडाणी बाई समजून पदरात घ्या.

वॉल्टर, इकडे बघ. थंडी वाजली की हे कापड अंगावर घे. शेजारच्यालाही दे. आणि ते पुरलं नाही, तर बाकीच्या मोहोरा फोड.