दोरीच्या त्या टोकाला

नाही नाही, खाली नको बसूस, वरच्या फळीवर बस — तिथे ऊब जास्त असते — आणि ते पांघरूण चावू नकोस, तेरा वर्षांची घोडी झालीस! घाबरतेस काय? मीच आहे, सिग्ने. तुझी बहीण. म्हणजे — हो, वाफ घ्यायची सौनाची खोली हीच, तापलेले दगड हेच, बाहेर तळ्याच्या बर्फात बाबांनी करवतीने कापलेला चौकोनही तोच. तू वाफ घेऊन पाण्यात बुडी मारलीस आणि वर आलीस ती इथे, एवढंच. थांब, दगडांवर पाणी टाकते. ओठ बघ कसे निळे पडलेत. काय? केस कधी कापले? कापले गं, मागच्या हिवाळ्यात. तुझी सिग्ने वेणी घालते ना अजून? घालणारच. तिला काय झालंय न घालायला?

बरं, खरं सांगते, पण रडायचं नाही. त्या पाण्याखाली असंच एक तळं आहे, असाच काठ, असेच आपण सगळे — फक्त तिथे लेम्पी आहे, म्हणजे तू. इथे नाही. इथली लेम्पी गेल्या हिवाळ्यात अशीच बुडी मारायला उतरली आणि वर आलीच नाही. दोरी माझ्या हातात होती — तुला माहीतच आहे, धाकटीच्या कमरेला दोरी आणि टोक थोरलीच्या हातात, बाबांचा नियम. सुटली. मी लगेच उडी मारली, पण — लगेच म्हणजे — आधी हाका मारल्या, मग आईला बोलवायला धावले — नाही मारली गं. नाही मारली उडी. काठावर उभी राहिले, पाय उचलेचना, पाणी काळं दिसत होतं आणि मी भ्याले. आई मला एका शब्दाने बोलली नाही. शिव्या घातल्या असत्या, दोन थोबाडीत दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. ती रोज नुसतं विचारते, जेवलीस का?

म्हणून मी त्या चौकोनापाशी येऊन बसायचे. एकदा खालून हसणं ऐकू आलं — तुझं आणि माझं. माझं! इतका राग आला मला त्या तुझ्या सिग्नेचा, काय सांगू — हिला बरं हसू येतंय! आज तुझा हात वर आला आणि मी ओढला. वाचवायला नाही हं. तू बुडत नव्हतीस, खोटं कशाला बोलू? मला हवी होतीस. आईपुढे नेऊन उभी करणार होते — दर शनिवारी वेलदोड्याचा पाव भाजते ती अजून, लेम्पीला आवडायचा म्हणून — म्हणणार होते, घे, आणली. दात बघून ओळखेल म्हणा, आमच्या लेम्पीचा पुढचा अर्धा तुटलेला होता. तरी घेईल ती तुला. घेईल ना?

ए, कमरेच्या दोरीला हात लावू नकोस! हिसके बसताहेत ना, ते वाऱ्याने. दाराखालून पार पाण्यात गेलीय ना ती, वाऱ्याने हलते — वारा कसला, तुझी सिग्ने ओढतेय तिकडून. मघापासून ओढतेय. हा बघ सुरा, मासे साफ करायचा. कापली की तिला वाटेल, आपल्या हातून सुटली. मग बसेल जन्मभर कुढत. बसू दे! मी नाही बसले?

थांब. सैल पडली. मी कापली नाही हं, बघ, सुरा लावलासुद्धा नाही. तिनेच सोडली! बघ, बघितलंस, तीही माझ्यासारखीच —

कोण आहे बाहेर? पावलं वाजताहेत बर्फावर. अनवाणी.

दोरी सोडून पाण्यात उडी मारली तिने. अगं, मारली तिने उडी.

ऊठ. पांघरूण राहू दे अंगावर. माझ्याकडे काय बघतेस, ती तुझ्या नावाने हाका मारतेय, ऐकू येत नाही का? दार उघड आणि जा. जा म्हटलं ना!