खुणेतलं नाव

दवाखान्यात नंबरची वाट बघत बसलो होतो. शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्या वडिलांचं आणि त्यांच्या चाळिशीतल्या लेकीचं बोलणं कानावर पडत होतं.

"अकरा वर्षांची नोकरी सोडलीस. जिवाला लागलं असेल ना गं?"

"लागलं थोडं. पण बाबा, मी नोकरीला लागले तेव्हा ती कर्णबधिर मुलांची शाळा एका गोदामात भरायची. आता स्वतःच्या इमारतीत भरते."

"मी मात्र लोकांना सांगायचो, मुलगी ऑफिसात असते म्हणून. देणग्या मागत फिरते, हे काही जिभेवर यायचं नाही."

"माहीत होतं मला."

"मग बोलली नाहीस कधी?"

"तुम्हाला लाज वाटायची, मला नाही. स्वतःसाठी थोडंच मागत होते?"

"काल निरोपाच्या वेळी सगळी पोरं हवेत मुठी कशाला आपटत होती?"

"माझं नाव घेत होती. त्यांच्या खुणांच्या भाषेत माझं नाव आहे, दार ठोठावणारी."

"असं होय! आता कुणी विचारलं की हेच नाव सांगतो. दाखव बघू परत. असं?"

"जोरात हो, बाबा! इतक्या हळू मी एकही दार ठोठावलं नाही."