मागच्या ढगातलं पिल्लू

हॅलो?… हो, बोल ताई… नाही गं, रडत नाहीये. नाक चोंदलंय… बरं, रडतेय. झालं समाधान?

तब्येत ठणठणीत आहे. त्या शोधनिबंधाचं आहे… हो, शुक्रवारी छापून येणारा… अगं कसलं अभिनंदन! चूक आहे त्यात. माझी.

तपकिरी बटू गं, किती वेळा सांगितलंय! ताऱ्यासारखा ढगातून गोळा होऊ लागतो, पण वजन कमी पडतं, मग पोटात आग धरतच नाही… हां, तोच. मोठे झालेले ढिगाने सापडतात. पण जन्मतात कसे? आपले आपण, की भावंडांनी अर्धपोटी ढकलून दिलेले? ते कळायला धुळीत गुंडाळलेलं तान्हं पिल्लू हवं. आम्हाला सापडलं होतं… हो, ‘होतं’च म्हणाले.

अगं ऐक ना! धुळीतून साधा प्रकाश बाहेर येत नाही, म्हणून रेडिओ दुर्बीण. धूळ किती उजळ दिसते त्यावरून वजन काढायचं. पण आधी अंतर कळायला हवं ना? त्या दिशेला एकामागे एक दोन ढग आहेत. दोन्ही ढगांचा वेग वेगळा, म्हणून पिल्लू कुठल्या ढगातलं, ते त्याच्या वायूच्या वेगावरून ठरतं. आलेखात दोन उंचवटे होते, एक ठसठशीत, एक बारका. मी बारका धरला… का म्हणजे? तो जवळच्या ढगाचा! जवळ धरलं की वजन बटूचं येतं. सर इतके खूश झाले, मी परत बघितलंच नाही.

काल नवी निरीक्षणं आली. मागच्या ढगातलं आहे ते. दुप्पट लांब, म्हणजे वजन चौपट… साधा तारा गं! असे पैशाला पासरी.

नाही, फक्त मलाच माहितीये… गप्प कशी बसू, ताई?… हो, सर शुक्रवारीच निवृत्त होतायत, मला माहीत नाही का? अठ्ठावीस वर्षं शोधतायत ते. पुस्तकं खोक्यांत भरून झाली, भिंतीवर फक्त त्या पिल्लाचं चित्र ठेवलंय. निरोपाच्या भाषणात दाखवणार आहेत… अगं, तेच तर! मी तोंड शिवून बसले तर ते सगळ्यांसमोर उभं राहून माझी चूक खरी म्हणून स्वतःच्या तोंडाने सांगतील.

भीती वाटते गं.

थांब, दार वाजलं… सरच आहेत. भाषणाचे कागद घेऊन आलेत, वाचून दाखवायला… नाही ताई, उद्या नाही. आत्ताच.

या ना, सर… नाही, वाचू नका अजून. आधी बसा… ठेवते, ताई.