सरांचा फ्लेक्स

अमरावतीत ग्राफिक डिझाइन शिकत होतो तेव्हाचे आमचे एक सर, त्यायच्या अकलेचं काय सांगू तुमाले. पहिल्याच सत्रात मी वाढदिवसाचा फ्लेक्स करून नेला. आमच्या पातूरच्या चौकात लागतो तसाच, शुभेच्छुकांचे चोवीस फोटो टाकून. सरनं मले सरळ नापास केलं. म्हणाले, "डिझाइन म्हणजे मोकळी जागा. असलं गावठी काम इथं चालत नाही."

पुढच्याच महिन्यात सर त्यायच्या कॉलनीतल्या गणेश मंडळाचे अध्यक्ष झाले. मले बोलावलं अन् म्हणाले, "अभिनंदनाचा एक फ्लेक्स करून दे." त्यायनं शिकवलं तसाच मी केला. सरांचा एक फोटो, खाली नाव, बाकी सारा कोरा.

सरनं कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "एवढी जागा रिकामी काहून ठेवली बे? माह्या साळ्यायले कुठी टाकशीन?"

साळे सहा निघाले. मग साडू आले, मग व्याही, मग मंडळाची अख्खी कार्यकारिणी.

फेरपरीक्षेले मी तोच खचाखच भरलेला फ्लेक्स जमा केला. सरनं पास केलं अन् खाली शेरा लिहिला, "माझ्या मार्गदर्शनामुळे विद्यार्थ्याला मोकळ्या जागेची समज आली आहे."