सोलापूरचा बस्ता

बस्ता कुठं बांधावा म्हणता? माझ्या लग्नाचा आत्यानं हट्टानं सोलापुरात बांधला. आमच्या निजामाच्या परभणीपेक्षा तिथं लुगडी लय चांगली, पण सोलापूर पडलं इंग्रजी मुलखात. परतताना निजामाच्या नाक्यावर जकात भरा, न्हाई तर माल जप्त.

आत्यानं सगळी नवी लुगडी एकावर एक नेसली. नाक्यावर भर उन्हात ती घामानं निथळायला लागली. शिपायानं तिला खालून वरपर्यंत निरखलं.

तो हळूच म्हणाला, "मौशी, अंदर का हरा लुगडा बहुत अच्छा है."

"जुनं हाय, बाबा," आत्या म्हणाली.

"तो भी दुकान बताव. मेरी बेटी की शादी है."

आत्यानं दुकान सांगितलंच, वर कसं नेसून यायचं तेही सांगितलं!